एकोणीस की बेचाळीस

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्या मेव्हण्याचा उजवा हात आजही मनगटापासून वाकडा आहे आणि त्याच्या जबड्यात तारा आहेत. डॉक्टरांच्या कागदावर 'जिन्यावरून पडून' असं लिहिलंय. मी तिथे होतो. तो पडला नव्हता.

आणि भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ही गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार होती. जिन्यावर लख्ख ऊन होतं.

मी पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीची गाडी चालवतो. मेव्हणा त्याच कंपनीच्या गोदामात बसायचा. कुठलं पार्सल कुठल्या गाडीत जाणार, त्याचे भाग नकाशावर पाडायचा. सगळे त्याला पट्टी म्हणायचे. माणूस नाकासमोर चालणारा, आणि नकाशावरची रेघही नाकासमोरच चालली पाहिजे हा त्याचा हट्ट.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लोकांना वाटतं, एक वस्ती म्हणजे एक पिनकोड. एवढ्या मोठ्या शहरात तसं नसतं. कोड वस्तीचा नसतोच, तिथे टपाल वाटणाऱ्या पोस्टाचा असतो. त्यामुळे एकाच गल्लीत डावीकडच्या घरांचा एक कोड आणि उजवीकडच्यांचा दुसरा, असंही होतं. आम्ही शेवटचे दोनच आकडे बोलतो. माझं घर, गोदाम, माझ्या मुलीची शाळा, सगळं एकोणीस. नाल्यापलीकडे बेचाळीस.

आणि एकोणीसच्या बरोबर मधोमध एक दुमजली इमारत होती, तिचा कोड बेचाळीस.

एकच इमारत. समोरची, मागची, शेजारची घरं एकोणीस. तिच्यासाठी बेचाळीसचा पोस्टमन नाल्याला वळसा घालून यायचा. आमची बेचाळीसची गाडीही तसाच वळसा घालायची.

पट्टीच्या डोळ्यात ती खुपायची.

"दाजी, कोणीतरी झोपेत रेघ मारलीय ही."

"असेल काही कारण. पोस्टवाले काय वेडे आहेत?"

"कारण आळस. दुसरं काय?"

त्याने पोस्टात अर्ज केला. खेटे घातले. तिथे नवीन आलेले साहेबही त्याच्यासारखेच निघाले. ती इमारत एकोणीसमध्ये आली. त्या दिवशी पट्टीने अख्ख्या गोदामाला चहा पाजला. मी हसत हसत म्हटलंही, नसता उपद्व्याप करून वर चहा पाजणारा हा पहिलाच.

मग एकोणीसच्या गाडीवरचा लंबू तिथे पहिल्यांदा गेला. वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या, पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांची औषधं होती. तळमजल्याला कुलूप. दुसरं कोणी राहत नव्हतं.

लंबूचा बराच वेळ पत्ता लागेना. मी शोधत गेलो, तर फुटपाथवर बसला होता. खांद्याचं हाड कातडीखालून वर आलं होतं.

"कोणी मारलं रे?"

"दिसलं नाही... नुसता आवाज आला. कठड्यावर लोखंड आपटल्यासारखा. मग विचारलं, कुठल्या पोस्टाचा?"

"तू काय म्हणालास?"

"एकोणीसचा म्हणालो. खरं तेच सांगितलं ना."

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला. सहा फुटांचा आडदांड गडी.

पट्टी भडकला. तळमजल्यावर गुंड लपून बसलेत, असं त्याने ठरवूनच टाकलं. "मी जातो. बाईंचं औषध आज मी पोचवतो, बघू कोण अडवतो."

वाटेत घरी थांबलो, तेव्हा बायकोने मला बाजूला घेतलं. "त्याला एकटा सोडू नका. एकुलता एक भाऊ आहे माझा." मी तिला शब्द दिला.

पण शब्द कसला पाळतोय... गाडी लावायला जागा मिळेना. पट्टी उतरून पुढे गेला. मी गाडी कडेला घेऊन धावत दारात पोचलो, तेव्हा तो जिन्याच्या वळणावर होता. हातात औषधांचा खोका.

मी आत पाऊल टाकलं...

आणि रस्त्याचा आवाज बंद झाला.

गाड्या नाहीत. हॉर्न नाहीत. समोर पत्रे ठोकत होते, तेही नाही. माझ्याच बुटांचा आवाज मला येईना.

मग वरून आला.

टण्...

लोखंडी गज कठड्यावर टेकवल्याचा आवाज. एक पायरी खाली.

टण्...

आणखी एक पायरी. कठडा थरथरत होता. मला तो डोळ्यांनी दिसत होता थरथरताना. धरलेलं मात्र कोणीच नव्हतं.

"कुठल्या पोस्टाचा?"

साधा आवाज. एखाद्या शेजाऱ्याने दारात विचारावं तसा. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पट्टीने मान वर करून इकडे तिकडे पाहिलं. "समोर ये आधी," तो म्हणाला. "एकोणीसचा. ही इमारतपण आता एकोणीसचीच आहे. मीच आणलीय."

पहिला घाव हातावर बसला.

खोका उडाला. पट्टीचा हात कठड्यावर होता, तो तिथेच चेपला गेला. हाडाचा आवाज मी ऐकला. तो किंचाळत खाली बसला, तर दुसरा घाव गुडघ्यावर. त्याने डावा हात डोक्यावर घेतला. घाव त्या हातावर, बरगडीवर, पुन्हा गुडघ्यावर. मधल्या हवेत काही नाही. नुसतं त्याचं अंग उसळत होतं आणि भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या.

मी काय केलं? काही नाही. माझी पाचावर धारण बसली होती. पहिल्या पायरीवरून नुसता बघत राहिलो.

मार थांबला.

"कुठल्या पोस्टाचा?" पुन्हा तोच आवाज. तेवढाच साधा.

पट्टीला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि घाव जबड्यावर आला. दात पायऱ्यांवरून माझ्या बुटापर्यंत घरंगळत आले.

"कुठल्या पोस्टाचा?"

आता तो बोलूच शकत नव्हता. कठडा पुन्हा थरथरला. गज वर गेला असणार.

तेवढ्यात वरचं दार उघडलं आणि म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. "अहो, बेचाळीस म्हणा! खालचे, तुम्ही म्हणा!"

"बेचाळीस," मी ओरडलो. "बेचाळीसचे आहोत आम्ही. दोघंही."

काहीच झालं नाही. खूप वेळ काहीच झालं नाही...

मग टण्, एक पायरी वर. टण्. आणि एकदम रस्त्यावरचे हॉर्न कानात घुसले.

पट्टीला खांद्यावर टाकताना बाई वरूनच बोलल्या. आवाज अजून शिक्षिकेचाच होता.

"फार पूर्वी तळमजल्यावर एक जण राहायचा. डोकं फिरलेलं. एकोणीसच्या पोस्टमनला त्याने याच जिन्यावर गजाने मारून टाकलं. आणि मग स्वतः याच कठड्याला लटकला."

"का मारलं?"

"ते कोणालाच कळलं नाही. पण तो गेल्यावरही एकोणीसचा जो येईल त्याला मार बसायचा. शेवटी इमारत बेचाळीसला दिली आणि सगळं शांत झालं." बाईंनी पट्टीकडे पाहिलं. "चहूकडे एकोणीस, मध्ये हा एकटा बेचाळीस. त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. आता तुम्ही मधली भिंत पाडलीत."

मला तेव्हा अर्थ कळला नाही. माझं लक्ष पट्टीच्या श्वासाकडे होतं.

पट्टी जगला. पोलिसांनीही 'जिन्यावरून पडून' असंच लिहून घेतलं. बायको दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंस रे." आणि तोंडाला पदर लावला.

मी पोस्टात गेलो, साहेबांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. ते म्हणाले, बदल आता सगळीकडे गेलाय. बँका, कंपन्या, मोबाइलवरचे नकाशे. पुन्हा उलटा करायला वर्ष तरी जाईल.

मग त्या इमारतीसमोरच्या पत्रेवाल्याचा पाय मोडला. स्वतःच्या दुकानाच्या जिन्यावर.

मग पलीकडच्या गल्लीतल्या रखवालदाराचं डोकं फुटलं. तो शुद्धीवर आला तेव्हा एकच बडबडत होता, मी खरं तेच सांगितलं, मी खरं तेच सांगितलं.

पत्रेवाला, मग रखवालदार. नकाशा मी रोज बघतो. ते माझ्या घराच्या दिशेने येत होतं.

मी घर बदलायचं म्हटलं, तर एवढ्या भाड्यात दुसरीकडे खोली मिळेना. म्हणून मी आमच्या चिमीला शिकवलं. सहा वर्षांची आहे.

"जिन्यावर कोणी काही विचारलं तर काय म्हणायचं?"

"बेचाळीस."

"आणि दुसरं काही विचारलं तर?"

"तरी बेचाळीस."

रोज झोपताना पाठ करून घ्यायचो. बायको वैतागायची, मग तीही पाठ करून घ्यायला लागली.

गेल्या आठवड्यात चिमी शाळेतून आली. मी घरीच होतो. ती जिना चढत होती आणि मोठ्याने काहीतरी म्हणत होती. मी कौतुकाने दार उघडलं.

"माझा पत्ता," ती म्हणत होती. माझं नाव, घराचा नंबर, गल्ली, वस्ती...

खालच्या रस्त्यावरचे आवाज बंद झाले.

मी उड्या मारत खाली गेलो. तिच्या तोंडावर हात ठेवला, तिला काखोटीला मारलं आणि वर पळालो. मागे कठड्यावर टण्... टण्... टण्... एकेक पायरी. मी दार लावलं आणि पाठ लावून उभा राहिलो. घाव दारावर बसला. माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध लाकूड आत आलं. तो खड्डा अजून आहे. कोणालाही दाखवीन.

"बेचाळीस," मी आतून ओरडत राहिलो. खूप वेळाने आवाज खाली गेला.

चिमी रडत नव्हती. रागावली होती.

"बाबा, तुम्ही चुकीचं शिकवलं. आमच्या बाईंनी सांगितलं, आपलं एकोणीस. सगळ्या वर्गाचं एकोणीस. बेचाळीस म्हटलं तर खोटं होतं."

मी शाळेत जाऊन चिमीच्या वर्गाच्या बाईंना भेटलो. त्या हसल्या. म्हणाल्या, हरवलेल्या मुलाला स्वतःचा पत्ता नीट सांगता आला पाहिजे, म्हणून सगळ्यांकडून पाठ करून घेतोय. त्यांचं काय चुकलं, सांगा.

चिमीला मी घरी ठेवलंय. पण बाकीची मुलं सोमवारपासून तोंडी परीक्षेला बसणार आहेत. एकेकाला उठवून पत्ता विचारणार.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मुलं पत्ता पाठ करत करतच जिना चढतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आज दुपारी शाळेच्या शिपायाला मी सहज विचारलं, सगळं ठीक ना?

तो म्हणाला, "ठीकच. फक्त जिन्याचा कठडा कुठेतरी ढिला झालाय... कोणी नसतानाही वाजतो."