रांजणावरची पांढरी अक्षरं

काल ‘आमो ते’, आज ‘कोर मेउम’!

रांजणावरची पांढरी अक्षरं पाहून शरणप्पांच्या हातातला तांब्या पडला. उदगीरजवळच्या त्या गावात आड आटलेले. टँकरचं घराच्या वाट्याला आलेलं सगळं पाणी त्या एका रांजणात, आणि आता ते प्यायची कुणाची छाती होईना.

भानामती! गावानं दिवसाढवळ्या दारं लावून घेतली. शेजारची विधवा लक्ष्मम्मा कन्नडात पुटपुटायची, एवढं कारण पुरलं. दात पाडले की मंत्र चालत नाही म्हणे. एक दात पाडलाही मेल्यांनी! बाकीचे पाडायच्या आत फौजदार किशनराव पोचले. लातूर जिल्हा नवा झालेला, जीप मात्र जुनीच.

त्यांनी लक्ष्मम्माला शरणप्पांच्या माजघरात कोंडून कडी लावली. बाहेर लोक दगड घेऊन उभे. सोबत एकच शिपाई. किशनराव घाबरले होते, खोटं कशाला सांगा!

“हे पाणी आज कोण प्यालं?”

“सून तेवढी प्याली साहेब. शिवकांता.”

“तिला भ्या वाटलं न्हाई?”

शरणप्पा दाराआडच्या सुनेकडे बघू लागले.

किशनरावांनी ओलं बोट अक्षरावर फिरवून जिभेला लावलं. चुना असता तर जीभ भाजली असती.

“अक्षरं रोज उमटतात?”

“चार दिस झालं उमटत्यात. परवा तेवढी न्हवती. परवा आमचा पोरगा, पंचाक्षरी, लातूरला गेलता.”

“पोरगा शिकला कुठं?”

“हैदराबादेत, पाद्र्यांच्या शाळेत.”

“देवघर दाखवा.”

तिथं प्रत्येकाच्या पूजेची विभूतीची गट्टी, कपाळी लावायच्या भस्माची घट्ट वडी, वेगळी ठेवलेली. किशनरावांनी एकेक उचलून पाहिली. तेवढ्यात दारावर दगड आदळला. शिपायानं दाराला पाठ लावली.

“पंचाक्षरी, पुढं ये,” किशनराव म्हणाले. “भानामती करणारा विभूतीला हात लावंल का? ही अक्षरं विभूतीची हायत. सगळ्यांच्या गट्ट्या बोटं घासून गुळगुळीत झाल्या. तुझ्या गट्टीला पेन्सिलीसारखं टोक कसं आलं? तू नसलास की अक्षरं न्हाईत. अन् तुझी बायको त्यांना भीत न्हाई. निरोपात आलेले कालचे शब्द मी येताना उदगीरच्या पाद्रीबाबांना विचारले. लॅटिन हाय म्हणाले. ‘आमो ते’, माझं तुझ्यावर प्रेम हाय.”

शरणप्पांनी कपाळाला हात लावला.

“वडीलधाऱ्यांपुढं बायकोशी बोलायची चोरी,” पंचाक्षरी कसाबसा बोलला. “सकाळी ती पाण्याला येती, म्हणून रांजणावर लिव्हत होतो. अर्थ तिला आधी सांगून ठेवलाय.”

“अन् म्हातारीचा दात पाडला तवा तोंड शिवलं होतं का रे?”

“भ्यालो साहेब. आप्पाला भ्यालो, गावाला भ्यालो.”

दाराआडून शिवकांता रडत म्हणाली, “मी बी भ्याले. निर्लज्ज म्हणून माहेरी धाडलं असतं.”

दाराची फळी तडकली. आत लक्ष्मम्मा ओरडली.

“आजच्या शब्दाचा अर्थ तूच सांग,” किशनराव म्हणाले. “इथं नगं. बाहेर जा, अन् वरडून सांग!”

पंचाक्षरी दार उघडून उंबऱ्यावर उभा राहिला.

“लक्ष्मम्माचा काई दोष न्हाई! अक्षरं मी लिव्हली, माझ्या बायकोसाठी! शिवकांता, माझं काळीज हायस तू!”

एका बाईनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला, आणि तिच्या नवऱ्यानं हातातला दगड हळूच खाली ठेवला. त्याचं बघून बाकीच्यांनीही ठेवले.

माजघराची कडी काढली. लक्ष्मम्मा बाहेर आली ती सरळ रांजणाकडे गेली. तिनं तांब्याभर पाणी घेऊन चूळ भरली. लाल पाणी फरशीवर पडलं. तिला कुणी अडवलं नाही.

“मुडद्या,” ती पंचाक्षरीला म्हणाली, “हे पहिल्याच दिशी असं बोलला असतास, तर माझा दात राहिला असता.”