टॅन्सलीचे हात

चेहरा गिऱ्हाइकाचा, हात कुणाचेही. ऑक्सफर्डात तैलचित्रं अशीच होत आणि ऑगस्टा पेन्रोजला त्यात काही वावगं वाटत नसे. राणीच्या हीरकमहोत्सवाच्या वर्षी कॉलेजने प्रथमच एका बाईला काम दिलं होतं, आणि नाव ठेवायला ती जागा ठेवणार नव्हती. म्हातारे प्राध्यापक थर्लो हिब्रू कोशातून डोकं काढून जेमतेम चेहऱ्यापुरते बसले. मग त्यांचा झगा तिने गल्लीतल्या टॅन्सली बाइंडरच्या अंगावर चढवला आणि त्याला पुस्तकावर हात ठेवून बसवलं. त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर कधीच सुरीखाली गेलं होतं. ऑगस्टाने ते होतं तसंच रंगवलं. दिसतं ते रंगवायचं. आणि भिंतीवर एवढ्या उंच लागणाऱ्या चित्रातली करंगळी कोण बघतोय?

शेवटच्या बैठकीत टॅन्सली कुरकुरला, की हल्ली दाभण हातात ठरत नाही, सरसाचे चटके बसतात. वय झालं तुमचं, असं म्हणून ती त्याच्या नखांवर उजेड चढवत राहिली.

कॉलेजच्या भोजनगृहात चित्र लागलं, वाहवा झाली. प्राध्यापक थर्लोंनी कौतुकाने तिचा हात हातात घेतला. त्यांचे तळवे कातड्यासारखे राठ होते. डाव्या करंगळीला वरचं पेर नव्हतं. रोज त्यांच्या पंगतीला जेवणाऱ्यांपैकी कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

ती तडक टॅन्सलीच्या दुकानात गेली. त्याच्या पुढ्यात सुटी पानं होती, आणि मांडीवर दोन मऊ, शाईचे डाग पडलेले हात. दहाही बोटं धड होती.

"दोरा ओवता येत नाही मला, बाईसाहेब," तो म्हणाला. "या हातांनी मी पोट कसं भरू?"

तिला भीती वाटली, पण भीतीपेक्षा राग जास्त आला. चित्रातले हात रंगवले तिने, तर खरवडणारही तीच. नाव जायचं तर जाऊ दे.

सकाळी रंगपेटी घेऊन ती भोजनगृहात आली, तर चित्राखाली प्राध्यापकांची बायको बसलेली.

"त्या हातांना काही करू नका," मिसेस थर्लो म्हणाल्या. "काल यांनी माझे केस विंचरले. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा."

"ते हात दुसऱ्याचे आहेत."

"ठाऊक आहे मला."

ऑगस्टा त्यांना वळसा घालून शिडी चढली.

पुस्तकावर हात नव्हते.

चित्रातल्या म्हाताऱ्याने ते झग्याच्या बाह्यांत खोल ओढून घेतले होते. रंग पक्का वाळलेला होता. कुंचल्याचे फटकारे तिचेच होते.