माझ्या दारात गाडी का लावलीस?

हे माझ्याबाबतीत घडलेलं नाही. तेलो बुर्रोलाबाबतीत घडलं. रस्त्याच्या कामावर बावीस वर्षं आम्ही एकाच गाडीतून हिंडलो. तो थाप मारायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे. हे सांगताना झाले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

एकोणीस जुलै, गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. अम्पारो, म्हणजे तेलोची बायको, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. साडेनऊला सुटायची. तो पिकअप घेऊन तिला आणायला निघाला. नेहमीचाच रस्ता, एक्कावन्न नंबरचा. दिवस मावळून दीड तास झाला होता, तरी काच हाताला चटका देत होती.

धूळ दक्षिणेकडून आली. डोंगराएवढी. आधी विमानतळाचे दिवे गेले, मग सगळं फिनिक्स शहर गेलं.

तेलोनं शहाणपणा केला. गाडी पार कडेला घेतली, दिवे बंद केले, ब्रेकवरचा पाय काढला. पाय कशाला काढायचा, विचारतोस? ओमार, तुला परवाना दिला कुणी रे? ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो. मागून येणाऱ्याला वाटतं, गाडी चालू आहे, हिच्या मागोमाग जावं. आणि येऊन धडकतो.

तर तो अंधारात बसला. गाडी वाऱ्यानं हलत होती. आणि उजव्या काचेवर... टकटक.

म्हातारी होती. अगदी काचेला टेकून. तेलोनं काच चार बोटं खाली केली. "आजी, आत या! मराल बाहेर!"

"माझ्या दारात गाडी का लावलीस?"

"हा हमरस्ता आहे, आजी."

"दारात लावलीस. काढ."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. एवढं वारं सुटलंय... आणि म्हातारीचा एक केस हलत नाहीये.

हसू नकोस, नायेली. पिऊन असता तर थांबला असता का तो?

"पुढचं काही दिसत नाही, आजी," तो म्हणाला.

"मला दिसतंय. पुढे घे."

बॉनेटवर थाप पडली. त्यानं गाडी सुरू केली. पुढे काय आहे, खड्डा की माणूस, काही कळत नव्हतं. हातभर पुढे घेतली. पुन्हा थाप. "अजून." पुन्हा. "अजून..." पन्नास-साठ पावलं अशीच.

मग थाप थांबली.

तो वाट बघत राहिला.

काही नाही.

आणि मागे लोखंड फाटल्यासारखा आवाज झाला.

ट्रेलर होता. तेलो आधी जिथे उभा होता ती जागा घासत गेला आणि पलीकडे रस्त्यात आडवा झाला. चालकाचा हात मोडला, जीव वाचला. धूळ विरायला वीस मिनिटं लागली. तेलो फोनचा उजेड घेऊन धावला. ट्रेलरखाली वाकून बघितलं. "आजी?... आजी!" पोलीस आले, त्यांनीही शोधलं. कुणी नाही.

तिने त्याला वाचवलं, असं अम्पारो म्हणते. मेणबत्ती लावते. रस्ता व्हायच्या आधी तिथे घरं होती, तुम्हाला ठाऊकच आहे. तेलोला मात्र वाटतं, म्हातारीला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तिला दार मोकळं हवं होतं.

पण त्या रात्री पोलिसानं त्याला एक विचारलं. "इथे कुणी झाडलं?"

तेलोनं उजेड पाडला. रस्त्यावर सगळीकडे बोटभर धूळ. पण जिथे त्याची गाडी उभी होती तिथे... एका दाराएवढी जागा लख्ख. केरसुणीचे फराटे दिसत होते. ट्रेलरच्या फुटलेल्या काचा कडेला नीट गोळा करून ठेवलेल्या.

आणि वर पाणी शिंपडलेलं. त्या उकाड्यात... अजून ओलं.