शेवटच्या खाटेशेजारची खुर्ची

इथं नको, त्या समोरच्या खुर्चीत बसा. सांगतो.

मी धंदा सुरू केला रिकाम्या पोत्यांचा, आणि आता दवाखान्यांना रक्त तपासायची यंत्रं विकतो. मधलं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनीच दिलं. 'कॉर्टिसॉल' हा शब्द जिभेवर बसायलाच एक हंगाम गेला. शरीर घाबरलं की ते रक्तात वाढतं, एवढं मला कळतं. विकायला तेवढं पुरतं.

त्या दुपारी अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तुमचं यंत्र बिघडलंय म्हणून. मला तसंही तिथंच जायचं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, त्याच वॉर्डात शेवटच्या खाटेवर होता, कृत्रिम श्वासावर.

वॉर्ड तळघरात. खिडकी नाही, उजेड कायम तोच, पांढरट. बाई हळू आवाजात सांगू लागल्या. दाराजवळच्या पेशंटचं कॉर्टिसॉल अचानक भडकलं आणि तो गेला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. सगळे सुधारत होते. आज दादाच्या अलीकडच्या म्हाताऱ्याचं वाढलं होतं.

"सगळ्यांना गुंगीचं औषध दिलंय, काका. घाबरतील कशाला? यंत्रच चुकतंय."

यंत्रावर संशय आला की गिऱ्हाइकासमोर स्वतःचं रक्त द्यायचं, ही माझी जुनी रीत. बाही वर केली. आकडा आला अगदी धडधाकट माणसाचा. एरवी मी छाती फुगवून बिल पुढं केलं असतं. त्या दिवशी यंत्र बरोबर ठरलं आणि मी दारापासून दादापर्यंतच्या खाटा मोजल्या.

संध्याकाळच्या आत म्हातारा गेला. नर्सनं त्याच्या नि दादाच्या खाटेमधला पडदा ओढून घेतला. वहिनी बाहेर बाकावर होती. एक खुर्ची उचलली आणि दादाच्या खाटेला लागून, पडद्याकडे पाठ करून बसलो. नर्स म्हणाली, पलीकडे ऐसपैस जागा आहे. म्हटलं, इथंच बरं आहे. रांग मोडायची तर मधे घुसावं लागतं, याखेरीज मला काही सुचलं नव्हतं.

श्वासयंत्र सुस्कारत होतं. मग वास आला... ओल्या पोत्याचा. पडदा हळूच माझ्या पाठीला टेकला. पलीकडून कुणी पाठीला पाठ लावून बसावं, तसा.

"इथं जागा नाही," मी म्हणालो. "घ्यायचं तर... मला घे."

खरं सांगतो, भीती वाटली नाही. डोळ्यांवर झापड आली.

दादाचा आकडा शेवटपर्यंत शांत राहिला. तो घरी आला. आता मला चिडवतो, तू आलास की खोली भरल्यासारखी वाटते, जेवण कमी कर.

पुढं एका दवाखान्यात यंत्र दाखवताना रीतीप्रमाणे रक्त दिलं. आकडा पाहून तिथल्या माणसानं मला आधी खाली बसवलं, मग पाणी दिलं. तेव्हापासून कुठल्याही यंत्रावर तोच भडकलेला आकडा. मला भूक लागते, झोप लागते. घाबरतं ते रक्त, मी नाही.

बायकोला दुसऱ्या खोलीत झोपायला लावलंय. ती रुसली आहे. असू दे. माझ्या शेजारी कुणी नको.

म्हणून तुम्हालाही समोर बसवलं. ऐकता ऐकता पुढं सरकलात वाटतं... खुर्ची मागे घ्या जरा.

तुम्ही नाही सरकवली?