वटवाघळाचा कान

"भाऊजी, ताईच्या वस्तू आणा बघू तिकडून. परक्या कपाटात किती दिवस राहायच्या?" असं मेहुणीने फर्मान काढलं, म्हणून संध्याकाळी मी संग्रहालयाच्या तळघरात गेलो.

याच इमारतीत वरच्या मजल्यावर मी कारकुनी केली. खाली तळघरात आमची बायको दगडात गाडली गेलेली हाडं सुईने कणाकणाने मोकळी करायची. आमच्या संसारात दगड कोरायचं काम तिचं, दगड होऊन बसायचं माझं.

तिचं शेवटचं काम एक वटवाघूळ होतं. माणसाचा मागमूस नव्हता तेव्हाचं. पंख पसरलेले, बोटाबोटाला नखी. ते आता दुसऱ्या शहरात चाललं होतं, आणि बाहेरून बोलावलेला एक सुतार त्याच्यासाठी पेटी ठोकत होता.

"काका, हे एवढंसंच? मला वाटलं हत्तीबित्ती असेल."

"शेवटी आपण सगळे एवढेसेच, बाबा."

तज्ज्ञांचं म्हणणं, हे उडत होतं, पण याचा कान कच्चा होता. आजची वटवाघळं अंधारात ओरडतात आणि परत आलेल्या आवाजावरून वाट काढतात. याला ते जमत नसावं. बायकोला ते पटत नसे. "हाक मारत असणारच ते," ती म्हणायची. "ऐकू येत नाही म्हणून कोणी हाक मारायचं सोडतं का?" हे ती माझ्याकडे बघून म्हणायची. मी पेपर वाचत असायचो.

कपाटातून तिचा अ‍ॅप्रन काढला. दगडाची धूळ आणि सरस यांचा वास आला. तिच्या केसांना हाच वास असे. तेवढ्यात दिवे गेले. तळघराला खिडकी नव्हती.

"हलू नका काका, खिळे सांडलेत. बॅटरी आणतो," म्हणत सुतार जिना चढून गेला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पेन्शनवरसुद्धा ती हातात पडेपर्यंत नसतो. पण त्या काळोखात तो वास वाढत गेला... जवळ येत गेला... आणि माझ्यासमोर येऊन थांबला.

"अगं..." मी म्हणालो.

ती गेल्यापासून घरात हा शब्द भिंतींवर आपटून परत येत होता. इथे तो परत आला नाही. कुणीतरी हात पुढे करून तो ठेवून घेतला असावा, तसा गेला. भीती वाटली. पण निघून जाईल, ही भीती जास्त होती.

"अगं, बोल की..."

जिन्यावरून उजेड उतरला. सुतार दारातच थबकला.

"काका, या बाई... कधी आल्या?"

"कुठे आहे?"

"अहो, तुमच्या समोर तर..." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "बोलतायत त्या... तुम्हाला ऐकू येत नाही?"

मला दिसतही नव्हतं. संसार केला मी, आणि दिसायची सुताराला!

"काय म्हणतेय?"

तो ऐकत राहिला.

"शब्द नाहीत, काका... नुसती हाक आहे."

पेटी गेली, वटवाघूळ गेलं. ती गेली नाही, असं सुताराचं म्हणणं. तेव्हापासून संध्याकाळी मी त्याच्या दुकानात जाऊन बसतो. तो माझ्या खांद्यामागे बघतो आणि दोन स्टुलं सरकवतो. मी विचारतो, कशी दिसतेय? तो सांगतो, केस मोकळे आहेत, दमल्यासारख्या वाटतात. मला दिसतं ते रिकामं स्टूल. शेजाऱ्याचा पेपर मागून वाचावा, तशी मी माझी बायको वाचतो. तेवढ्यावर दिवस निघतो.

काल त्याने एकच स्टूल सरकवलं.

"गेली?"

"नाही..." त्याची नजर माझ्या डोक्यावरच्या तुळईला खिळली होती. "त्या आता... बसत नाहीत, काका."

मी वर बघितलं. तुळई, जळमटं, काळोख.

"अगं," मी म्हणालो, "पडशील."

"नाही पडणार," सुतार पुटपुटला. "पायांनी घट्ट धरलंय त्यांनी."