आधी शंभर बघा

पेपर सुरू व्हायला बारा मिनिटं होती आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून एक मुलगा कॅल्क्युलेटर मांडीवर आपटत होता.

तृप्ती बाजूने वर निघाली होती, तरी थांबली. आपटल्याने सेल चार्ज होत नाही, हे तिला सांगायचं होतं. तेवढ्यात त्याने वर पाहिलं. वर्गातलाच होता, शेवटच्या बाकावरचा. निरंजन... बहादरपूरचा. वर्षभरात दोघं एक शब्दही बोलले नव्हते.

"काल तर चालू होता यार," तो स्वतःशीच म्हणाला. मग जरा सावरून, "तुमच्याकडे जास्तीचा नसेल ना, मॅडम?"

होता. मामेबहीण हिमानीने दिलेला जुना कॅल्क्युलेटर तिच्या पर्समध्ये कायम असे. तृप्तीची एक वस्तू बिघडली तर दुसरी तयार असते, अशी मैत्रिणी तिची टिंगल करत. तिने तो पुढे केला.

"मॅडम नाही. तृप्ती."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि उगाचच हसला.

एवढंच. पण त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, ते तिने पाहिलं. कर्जरोख्यांच्या या पेपरला तो दुसऱ्यांदा बसत होता. या वेळी राहिला तर कॉलेज बंद आणि मग केळीचे ट्रक भरायला उभं राहायचं, असं घरी ठरलेलं. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं ते.

हॉलमध्ये कूलरचा घरघराट आणि ओल्या वाळ्याचा वास. निरंजन तिच्या पुढे दोन बाकं. पहिला प्रश्न सोपा होता : पाच वर्षांच्या रोख्याची आजची किंमत काढा. तृप्तीने आकडे भरले, सवयीने पडद्याच्या कोपऱ्यातली मोडची खूण पाहिली... आणि तिची बोटं जागच्या जागी थांबली.

सकाळी चहा पिताना तिने भाड्याचं एक उदाहरण सोडवलं होतं. भाडं महिन्याच्या सुरुवातीला देतात, म्हणून कॅल्क्युलेटर 'सुरुवातीला' या मोडवर टाकला होता. रोख्याचं व्याज मात्र मुदतीच्या शेवटी मिळतं. मोड परत फिरवायचा राहिला होता. आणि सकाळी वापरलेला तो कॅल्क्युलेटर म्हणजे पर्समधला जुना. हिमानीचा.

आता निरंजनचा.

तो भराभर लिहीत होता. पान उलटलं... दुसरं उलटलं. प्रत्येक पान चुकत चाललं होतं, आणि ती त्याच्या मानेमागचा घाम बघत बसली होती. हाक मारावी तर दोघांचे पेपर जप्त. गप्प राहावं तर त्याचं वर्ष गेलं. वर तिच्याच हाताने.

सव्वा अकराला ती उठली आणि हॉलवर देखरेखीला असलेल्या यादव सरांच्या टेबलाशी जाऊन हळूच म्हणाली, की त्या मुलाकडे माझा कॅल्क्युलेटर आहे, त्याचा मोड चुकीचा आहे, तेवढं त्याला सांगाल का?

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मोड म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही. मुलगी मुलाला निरोप धाडते आहे, एवढं मात्र कळलं. त्यांनी तिची उत्तरपत्रिका मागवली, टेबलावर पालथी ठेवली आणि म्हणाले, "बैठ जाओ. बीस मिनट."

हॉल कुजबुजला. निरंजनने मागे वळून पाहिलं. सरांची नजर दोघांवर होती. तो पुन्हा पुढे वळला.

वीस मिनिटं रिकाम्या बाकाकडे बघण्यात गेली. पेपर परत मिळाला तेव्हा ती घाईघाईने लिहीत सुटली. चौदा मार्कांचा शेवटचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

बाहेर निंबाच्या सावलीत तो तिची वाट बघत होता. कॅल्क्युलेटर दोन्ही हातांत धरलेला.

"सरांनी तुमचा पेपर का घेतला?"

तिने सांगितलं. मोड, भाड्याचं उदाहरण, राहिलेला चौदा मार्कांचा प्रश्न, सगळं. त्याच्याकडे न बघता, झाडाच्या बुंध्याकडे बघत. शेवटी म्हणाली, "तुमचा पेपर माझ्यामुळे गेला."

त्याने हातातल्या कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तो निघून जाईल.

"एकशे दोन पॉइंट छप्पन आले होते," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच मिनिटाला. तपासायला म्हणून टाकलं, आठ टक्के व्याज, आठच टक्के परतावा. दोन्ही सारखे, म्हणजे शंभराच्या रोख्याची किंमत शंभरच. शंभर यायला पाहिजे होते ना? नाही आले. मग शोधत बसलो, मोड सापडला, बदलला. नंतर सगळे बरोबर आले."

तृप्ती आता त्याच्याकडे बघत होती. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. फेब्रुवारीत, फळ्यापाशी वर्गाला उदाहरण समजावत होतात तेव्हा. आधी शंभर बघा, शंभर आले नाहीत तर यंत्रावर भरवसा ठेवू नका."

"तुम्ही ऐकत होतात?"

"मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही," निरंजन म्हणाला. "तुम्ही दिसता."

तिला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळेही भरले. "म्हणजे ती वीस मिनिटं... फुकट," ती म्हणाली.

"फुकट कशी," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्यासाठी आजवर कोणी उभं नाही राहिलं, तृप्ती. चौदा मार्क सोडून तर नाहीच."

त्याने कॅल्क्युलेटर पुढे केला. तिने घेतला, पडद्याचा कोपरा तपासला. सवयच ती. कोपरा स्वच्छ होता. मग तिने तो परत त्याच्या हातात ठेवला.

"राहू दे तुझ्याकडे. सोमवारी अजून एक पेपर आहे."

त्या 'तुझ्या'वर तो क्षणभर अडखळला. "आणि सोमवारनंतर? परत कुठे देऊ?"

"घरी आणून दे."

"घरचे विचारतील, कोण म्हणून."

"विचारतीलच," तृप्ती म्हणाली. "काय सांगायचं ते तू ठरवून ये."