खाली श्वास मोकळा होता

तारकर्लीच्या जेट्टीपासून होडी सुटली तेव्हाच समुद्र खवळलेला होता. दूर कुठेतरी वादळ सरकलं होतं आणि त्याच्या लाटा इथवर येत होत्या. पाण्याखालच्या खडकापाशी पोचेपर्यंत कोल्हापूरच्या डायव्हिंग क्लबमधल्या निम्म्या लोकांना उलट्या झाल्या होत्या.

कोणाच्याही पाठीवर सिलिंडर नव्हता. प्रत्येकाच्या गळ्यात करड्या रंगाचा जाडसर पट्टा होता, जलश्वासक. माशाच्या कल्ल्यांप्रमाणे तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू गाळून मुखवट्यात सोडायचा. बॅटरी टिकेल तोवर माणसाने खाली राहावं.

"हिला खरंच काही होणार नाही ना?" श्रीरंग पोतनीसांनी चौथ्यांदा विचारलं. त्यांच्या मांडीवर बायकोचं ऑक्सिजनचं यंत्र होतं. अरुंधतीबाईंची फुफ्फुसं आजाराने निबर झाली होती. नाकातली नळी काढली की जिना चढणं दूरच, त्यांना धड बोलताही येत नसे.

"डॉक्टरांनीच पाठवलंय," क्लबची प्रशिक्षक विभावरी केरकर म्हणाली. "दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, काका. तेवढ्याच श्वासात दुप्पट प्राणवायू मिळतो. फक्त वर येताना घाई करायची नाही."

श्रीरंगांना होडीवर ठेवून सगळे खाली गेले आणि लाटांचा धिंगाणा डोक्यावरच राहिला. विभावरी सगळ्यांवर नजर ठेवून होती, पण ती पुन्हापुन्हा अरुंधतीबाईंवरच जात होती. त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. खडकाला वळसा घालून, माशांच्या थव्यातून आरपार जाऊन त्या परतल्या आणि पट्ट्यातल्या ध्वनियंत्रावर हसल्या. न थांबता, न खोकता.

तेवढ्यात ध्वनियंत्रावर वरून होडीवाल्या इनासचा आवाज आला. "बाई, वारो फिरलो! होडी हयसर रवाची नाय. सगळ्यांका वर घेऊन येवा!"

विभावरीने खूण केली. सगळे होडीवरून सोडलेल्या दोरापाशी जमले. अरुंधतीबाई मात्र खडकाच्या कपारीला धरून बसून राहिल्या.

"तुम्ही व्हा पुढे. मी इथे बरी आहे."

पूर्वी सिलिंडरचा काटा खाली आला की हट्टी माणूसही मुकाट्याने वर यायचा. आता विभावरीजवळ दाखवायला काटाच नव्हता; बॅटरी अजून काही तास चालणार होती. सहायकाबरोबर बाकीच्यांना वर धाडून ती कपारीपाशी गेली.

"काकू, होडी थांबू शकत नाही. चला."

"संध्याकाळी या न्यायला."

"समुद्र आणखी चढला तर येता येणार नाही. आणि बॅटरी संपली तर?"

"तोवर तरी नीट श्वास घेईन." त्यांचा आवाज शांत होता. "वर मी सहा वर्षं बुडतेच आहे, विभावरी. तिथून मला कोण काढतंय?"

विभावरीने त्यांच्याकडे हात पुढे केला. हात धरून ओढावं तर झटापटीत मुखवटा निघायचा.

पुन्हा इनास ओरडला. "बाई, ह्यो काकूंचो घोव पाण्यात उडी मारूक बघता! दोघांनी धरून ठेवलो हा!"

अरुंधतीबाईंनीही ते ऐकलं. "वेडा आहे का हा! पोहता कुठे येतं त्याला?"

आणि त्यांनी कपार सोडली.

दोराला धरून, मध्ये थांबत, त्या सावकाश वर आल्या. पाण्याबाहेर डोकं निघताच लाटेने दोघींना होडीवर आदळलं. चौघांनी मिळून त्यांना आत ओढलं. मुखवटा उतरला आणि त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. श्रीरंगांनी नळी लावली. नवऱ्याचा हात घट्ट धरून त्या रडल्या. सुटकेचं रडणं नव्हतं ते.

किनारा दिसू लागला तेव्हा त्या ग्लानीत होत्या. श्रीरंग तोल सावरत विभावरीजवळ येऊन बसले.

"कशी होती ती खाली?"

विभावरीला खोटं बोलवेना. "हसत होत्या, काका. मनमोकळं."

त्यांनी फेसाळत्या पाण्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मला पोहायला शिकवशील? आणि हे खाली जाणंही?"

विभावरीने होकार दिला. तिच्या ओठांवर आलेला प्रश्न तिथेच अडला. यांना हे शिकायचंय ते कशासाठी? बायकोला वर आणता यावं म्हणून, की तिच्याजवळ खालीच राहता यावं म्हणून?